नाचणगावात कोणाचं दार ठोठावायचं?

पुलगाव स्टेशनाकडून नाचणगावात येताना पुलगाव कुठं संपलं आणि नाचणगाव कुठं लागलं, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही. वस्तीला वस्ती भिडलेली आहे, बाजारहाट आणि दवाखाने दोघांचे एकच. पण हद्दीच्या अलीकडचा दिवा विझला तर तक्रार पुलगाव नगर परिषदेत करायची, पलीकडचा विझला तर नाचणगाव ग्रामपंचायतीत. दिव्याला हद्द कळत नाही, कागदाला मात्र पक्की कळते.

जनगणनेच्या लेखी नाचणगाव हे गाव नाही. किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या धंद्यात, या तीन अटी पुऱ्या करणारी वस्ती शहरांच्या यादीत जाते, मग तिथं नगर परिषद असो की नसो. २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत नाचणगाव त्या यादीत होतं. थोडक्यात, गणतीला शहर आणि कारभाराला गाव. हा फरक रोजच्या जगण्यापर्यंत पोचतो. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. शहरी योजनांत भुयारी गटार नसेल तर ७० आणि असेल तर १३५ लिटर धरतात. एकाच उन्हाळ्यात, एकाच वर्धा नदीच्या खोऱ्यात शेजारीशेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांची तहान कागदावर वेगवेगळी मोजली जाते ती अशी.

आमच्या ले-आउटमध्ये काहीच होत नाही, असं म्हणणारा माणूस नाचणगावात शोधावा लागत नाही. त्यातल्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात. पण त्यातल्या निम्म्या तरी चुकीच्या दारात पडून मरतात आणि उरलेल्या तोंडी राहिल्यामुळे. म्हणून आधी दार ओळखायचं, मग बोलायचं.

रस्ता कोणाचा, हा पहिला प्रश्न

घरासमोरचा रस्ता ग्रामपंचायतीचा असेल, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असेल किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा. इथं त्यात आणखी दोन शेजारी येतात, रेल्वे आणि संरक्षण खातं. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा भांडार परिसर मोठा आहे आणि मुंबई–हावडा लोहमार्ग पुलगावातूनच जातो. रुळालगतचं साचलेलं पाणी किंवा लष्करी हद्दीकडचा रस्ता यावर ग्रामपंचायतीत कितीही आवाज चढवला तरी सरपंचांना तिथं फावडं लावता येत नाही. केंद्राच्या खात्यांसाठी केंद्राचं तक्रार पोर्टल आहे, राज्याच्या खात्यांसाठी ‘आपले सरकार’. विजेचा खांब आणि डीपी महावितरणची, त्यासाठी १९१२ हा क्रमांक. मात्र त्याच खांबावरचा पथदिवा ग्रामपंचायतीचा. एका खांबाचे दोन मालक असतात हे लक्षात ठेवलं तर दोन फेऱ्या वाचतात.

ग्रामपंचायतीच्या ताब्यातले रस्ते कोणते, हे तोंडी विचारू नका. ग्रामपंचायतीचे हिशेब आणि नोंदी १ ते ३३ अशा ठरलेल्या नमुन्यांत ठेवल्या जातात. घराच्या उताऱ्यासाठी लागणारा नमुना ८ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच रांगेत नमुना २३ ही रस्त्यांची नोंदवही आणि नमुना २४ ही जमिनीची नोंदवही आहे. तुमचा रस्ता नमुना २३ मध्ये आहे का, एवढं एक पाहून घ्या. नसेल तर पुढचे सगळे अर्ज वाया आहेत, कारण जो रस्ता ग्रामपंचायतीचा नाही त्यावर ग्रामपंचायत पैसा टाकू शकत नाही.

नव्या ले-आउटांचं घोडं नेमकं इथं पेंड खातं. प्लॉट विकले जातात, घरं उभी राहतात, नमुना ८ ला नावं लागतात, घरकर सुरू होतो. पण आतले रस्ते, नाल्या आणि खुली जागा ले-आउट पाडणाऱ्यानं ग्रामपंचायतीकडे रीतसर हस्तांतरित केलेली नसते. दहा वर्षांनी खुल्या जागेवर कोणाचं तरी कुंपण पडतं तेव्हा लोक जागे होतात. तुम्ही अशा ले-आउटमध्ये राहत असाल तर रस्ता मागण्याच्या आधी तीन कागद गोळा करा: मंजूर नकाशा, अकृषक परवानगीचा आदेश आणि हस्तांतरणाचा कागद. पहिले दोन मिळतात. तिसरा न मिळाल्यास तुमची पहिली मागणी सिमेंट रस्त्याची नसून हस्तांतरणाची असली पाहिजे. ही मागणी फोटो काढण्यासारखी नाही, तिचं भूमिपूजनही होत नाही, म्हणून ती कोणी करत नाही. तरी आधी तीच करायची.

‘मंजूर झालं’ म्हणजे नेमकं काय झालं

मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त फिरणारी बातमी म्हणजे ‘आपला रस्ता मंजूर झाला.’ त्याखाली पन्नास अंगठे आणि वीस हार. सहा महिन्यांनी तोच रस्ता पुन्हा मंजूर होतो. यात कोणी खोटं बोलत असतंच असं नाही. मंजुरीच्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि प्रत्येक पायरीला लोक ‘मंजूर’च म्हणतात.

काम आधी ग्रामसभेत सुचवलं जातं आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात येतं. मग अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि अंदाजपत्रक तयार करतो. त्याला तांत्रिक मान्यता मिळते, नंतर प्रशासकीय मान्यता. त्यापुढं निविदा किंवा ठरलेली खरेदीपद्धत, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, देयक निघतं आणि तिथून दोषदायित्वाचा काळ सुरू होतो. त्या काळात काम उखडलं तर कंत्राटदारानं ते स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचं असतं. भूमिपूजन ही यातली एकही पायरी नाही. ते कार्यारंभ आदेशानंतर झालं तर शोभतं, आधी झालं तर नुसता नारळ फुटतो.

म्हणून बातमी आणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: कोणती मान्यता, कोणत्या तारखेची, किती रकमेची? या तीन गोष्टी मिळाल्या तर ती बातमी. नाही मिळाल्या तर ती इच्छा समजावी. इच्छा असण्यात गैर काही नाही, तिला हार घालायची घाई करू नये इतकंच.

पैसा कुठून येणार, हेही ठाऊक असलं की मागणी नेमकी होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात पंचायतींच्या वाट्याच्या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींकडे आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे, अशी वाटणी होती. त्यातला ६० टक्के निधी बंधित, म्हणजे निम्मा स्वच्छतेवर आणि निम्मा पिण्याच्या पाण्यावरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. पंधराव्या आयोगाची मुदत २०२५-२६ पर्यंतची, १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्याचा काळ. तेव्हा नव्या आयोगात बंधित किती, अबंधित किती, हे ग्रामसभेत पहिल्यांदा विचारून घ्या. बंधित निधीतून कोणी सभामंडप मागितला तर त्याला नकारच मिळणार, आणि तो नकार योग्यच असेल. त्याच निधीतून सांडपाण्याची नाली आणि शोषखड्डे मागता येतात.

घरकर, पाणीपट्टी हे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. त्यातून १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या वस्तीत तीनचाकी सायकल हवी असलेला कोणी असेल तर हा ५ टक्क्यांचा हिशेब मागा. फारसं कोणी मागत नाही.

ग्रामसभेला रिकाम्या हातानं जाऊ नका

कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. गणपूर्तीसाठी मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तितकी हजेरी लागते. नाचणगावएवढ्या मोठ्या ग्रामपंचायतीत म्हणजे १००. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून, लाडू खाऊन माणसं घरी गेली की १०० डोकी जमवताना शिपायाच्या नाकी नऊ येतात. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळं पुढच्या सभेत मोजकीच माणसं बसून अख्ख्या गावाचे ठराव करू शकतात. ज्यांना गैरहजेरीचा त्रास होतो ते बहुतेक वेळा पहिल्या सभेलाच गैरहजर असतात.

सभेची सूचना सात दिवस आधी लागते. सूचना फलकाचा फोटो काढून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकण्याचं काम एकाच माणसाकडं द्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं टाकला असेल. तुमचा विषय सूचना निघायच्या आधीच लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. ऐनवेळच्या विषयांत घुसवलेली मागणी ऐकली जाते, पण इतिवृत्तात तिची एक ओळ होते आणि ती ओळ पुढं कोणी वाचत नाही.

अर्ज दोन प्रतींत करा. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. याला पोच म्हणतात आणि पोच नसलेला अर्ज पुढच्या कुठल्याही कार्यालयात अर्ज ठरत नाही. पूर्वी ज्यांना आपण ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत होतो, त्या दोन्ही पदांचं २०२४ मध्ये ‘ग्रामपंचायत अधिकारी’ हे एकच पद झालं, तेव्हा अर्जावर तसंच लिहा. तलाठ्यांचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे. लोक अजून तलाठीच म्हणतात आणि म्हणणारही.

सगळ्या सदस्यांच्या मागं धावू नका. ७,५०० च्या वर लोकसंख्या असलेल्या ग्रामपंचायतीत १७ सदस्य असतात. तुमच्या प्रभागातून निवडून आलेले दोन-तीनच असतात. सूचक म्हणून त्यांचं नाव ठरावाखाली यावं असं पाहा. ज्याच्या नावानं ठराव होतो तो त्याचा पाठपुरावा करतो, निदान पुढच्या निवडणुकीपर्यंत.

महिलांची सभा नियमित ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते आणि तिथल्या शिफारशी ग्रामसभेपुढं ठेवाव्या लागतात. अनेक ठिकाणी ही सभा रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. ती खरोखर भरवा. नळ किती वाजता येतो, किती वेळ टिकतो, कोणत्या गल्लीत टिल्लू पंप लागले की पुढच्या घराचा नळ कोरडा पडतो, ही माहिती अभियंत्याच्या नकाशात नसते. ती घागर भरणाऱ्या बाईकडं असते. आठवडाभर रोज वेळ लिहून काढलेला एक साधा कागद घेऊन ताई, काकू सभेत उभ्या राहिल्या तर त्या कागदाला उत्तर द्यावंच लागतं. नुसत्या ‘पाणी येत नाही’ला ‘बघतो’ हे उत्तर पुरतं.

सिमेंट रस्ता होताना उभं राहा

काम सुरू झालं की मोहल्ला निवांत होतो. हीच वेळ जागं राहायची. वर्धा जिल्ह्याची जमीन बरीचशी काळी, भारी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर नीट मुरूम न टाकता, न दाबता सिमेंट ओतलं तर रस्ता दुसऱ्या उन्हाळ्यात मधोमध उभा चिरतो. लोक सिमेंटला दोष देतात, पण चूक खालच्या थरात असते आणि तो थर झाकला गेला की कोणालाच दाखवता येत नाही. म्हणून मुरूम पडताना, रोलर फिरताना फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे.

कामाच्या जागी फलक लागला पाहिजे: कामाचं नाव, निधी, रक्कम, लांबी-रुंदी, कंत्राटदार, मुदत. अंदाजपत्रकाची प्रत हातात असेल तर साधा टेप पुरतो. सिमेंट ओतायच्या आधी बाजूला लावलेल्या पट्ट्यांची उंची मोजली की जाडी कळते. ओतल्यावर दोन आठवडे तराई झाली पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना सकाळी एकदा पाइप फिरवला तर दुपारपर्यंत रस्ता पांढरा फटक पडतो. ओली पोती टाकून ती ओली ठेवा असं सांगा, आणि ज्याच्या दारासमोरचा तुकडा आहे त्यानं आपल्या नळाचं पाणी मारायला लाजू नये. कंत्राटदाराचं काम आपण का करावं, हा मानी प्रश्न आहे. पण रस्ता आपल्या दारातला आहे.

मला याहून महत्त्वाची वाटते ती पातळी. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर पाच-सात वर्षांनी आणखी एक, असं करत रस्ता वर येतो आणि घरं खाली जातात. ज्या घराला एकेकाळी तीन पायऱ्या चढून जावं लागायचं त्या घरात पहिल्या मोठ्या पावसात नालीचं पाणी शिरतं. वर्ध्याकडं वर्षाला साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत कोसळतो. अंदाजपत्रक तयार होतानाच ‘जुना थर खरवडून, उंबऱ्याच्या पातळीचा विचार करून’ अशी नोंद मागा. काम सुरू झाल्यावर मागितली तर ‘अंदाजपत्रकात नाही’ हे उत्तर मिळेल, आणि ते खरंही असेल.

नालीचंही तसंच. नाली कुठून निघते हे सगळे विचारतात. ती कुठं जाऊन पडते, हे विचारा. पुढच्या चौकात नुसतीच थांबणारी नाली म्हणजे आपला डास शेजारच्या गल्लीला दिलेला. खालच्या टोकाचं, मोठ्या नाल्यापर्यंतचं काम आधी आणि मोहल्ल्यातलं नंतर, असा क्रम लावून मागणी करा. यात तुमच्या दारातलं काम एक वर्ष उशिरा होईल, हे मोहल्ल्याला समजावून सांगणं हे सगळ्यात अवघड काम. तिथं कोणी समंजस वडीलधारं माणूस लागतं, अध्यक्ष लागत नाही.

कागद मागायचा कसा

आधी पाहता येईल तेवढं फुकटात पाहा. ‘ई-ग्रामस्वराज’ या केंद्राच्या पोर्टलवर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च दिसतो. ‘मेरी पंचायत’ ॲपवरही. जिल्हा वर्धा, पंचायत समिती देवळी, मग नाचणगाव. इथं कामाचं नाव आणि रक्कम मिळाली की पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो.

त्यापुढं माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. अर्जाचा मजकूर साधारण असा ठेवा:

‘प्रभाग क्रमांक — मधील — ते — या सिमेंट रस्त्याच्या कामासंबंधी, दिनांक — ते — या कालावधीतील, अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेले देयक यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. अभिलेख प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.’

यात ‘का’ नाही, ‘जबाबदार कोण’ नाही, ‘भ्रष्टाचार’ हा शब्द तर नाहीच. माहितीच्या अधिकारात असलेला कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. खुलासा मागितला की अर्ज फेटाळायला आयतं कारण होतं. अभिलेख पाहण्याच्या पहिल्या तासाला शुल्क नसतं आणि त्या एका तासात पन्नास पानांच्या झेरॉक्सपेक्षा जास्त कळतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. ग्रामपंचायतीच्या बाबतीत ते पंचायत समितीतल्या विस्तार अधिकाऱ्यांकडं जातं. त्यानंतरही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडं.

पण एक सांगतो. सरळ जाऊन, चहाच्या वेळेला, ‘साहेब, एवढी फाइल दाखवता का’ म्हटल्यावर जी फाइल मिळते तिच्यासाठी अर्ज करू नका. अर्ज हे हत्यार आहे, रोज परजलं की त्याची भीती जाते.

दाद लागत नसेल तर लोकशाही दिन आहे: तालुक्याचा तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. तालुक्याला जाऊन आल्याशिवाय जिल्ह्याला उडी मारता येत नाही आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

बातमी फिरवण्याआधी

३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि स्फोटांनी हा सगळा परिसर जागा झाला. आसपासच्या गावांतली माणसं पोरंबाळं घेऊन घराबाहेर पडली. अधिकारी, जवान आणि अग्निशमनाचे कर्मचारी त्यात गेले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला आले. त्या दिवशीच्या बातम्या ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवत असेल, मृतांचा आकडा दिवसभर खाली-वर होत होता, तोही मोठ्या वाहिन्यांवर. ज्यांच्याकडं पत्रकार, दूरध्वनी, अधिकारी सगळं होतं त्यांची ही गत, तर मोहल्ल्याच्या ग्रुपवरच्या ‘आत्ताच कळलं’ची काय असेल.

म्हणून ग्रुपचा एकच नियम करा. संकटाच्या वेळी आकडा टाकायचा नाही. कुठं जायचं, कोणता रस्ता बंद आहे, कोणाला गाडी हवी आहे एवढंच टाकायचं, आणि तेही स्वतः पाहिलेलं. तातडीसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे दोन क्रमांक ग्रुपच्या माहितीत कायमचे लिहून ठेवा. अशा गावात, अशा शेजारासह राहणाऱ्यांना हे पाठ असायला हवं.

रोजच्या बातमीसाठी वेगळी सवय लागते. मोहल्ल्याची बातमी वर्तमानपत्रात यावी असं वाटत असेल तर पुलगावच्या वार्ताहराला फोनवर तासभर व्यथा सांगू नका. त्याला एक पान द्या: कोणतं काम, कोणत्या तारखेला मागितलं, पोच क्रमांक, आज काय अवस्था आहे, किती घरांना त्रास आहे. सोबत तारखेचा एक फोटो, ज्यात खड्डा दिसेल. खड्ड्याभोवती उभे राहून बोट दाखवणारे दहा जण नकोत. कोणा व्यक्तीवर आरोप लिहू नका. सरपंच किंवा अधिकाऱ्यांची बाजू आधीच विचारून तीही लिहून दिली तर तुमची बातमी त्याच दिवशी लागण्याची शक्यता वाढते, कारण वार्ताहराचं निम्मं काम तुम्ही केलेलं असतं. आणि काम झालं की तीही बातमी द्या. चांगल्या कामाची चार ओळींची बातमी आलेल्या मोहल्ल्याचा पुढचा अर्ज ग्रामपंचायतीत जरा वेगळ्या नजरेनं वाचला जातो. हा माणसाचा स्वभाव आहे, नियमात लिहिलेला नाही.

नगरपंचायत हवी की नको

हा विषय निघाला की नाचणगावात आवाज चढतात. पुलगावात मिसळावं, वेगळी नगरपंचायत मागावी की आहे तेच बरं, यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. माझं मत मी देत नाही, कारण ते घराघराला वेगळं पडणार आहे. नोकरदाराला, प्लॉटवाल्याला शहरी दर्जा परवडेल. ज्याचं घर ग्रामीण घरकुल योजनेच्या यादीत आहे, जो ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर जातो, त्याची ती दारं शहर झाल्यावर बंद होतात. शहरी आवास योजनेचे नियम वेगळे आणि तिथं रांग पुन्हा शेवटून सुरू होते. मालमत्ता कर, बांधकाम परवानगी, पाणीपट्टी, सगळ्याचं गणित बदलतं. बदल्यात नगररचनेचा आराखडा, वेगळा निधी आणि पूर्णवेळ मुख्याधिकारी मिळतो.

नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा घरातल्या कोणी काय काम करतं हे नीट सांगा. ‘शेती आहे’ आणि ‘शेतीवर पोट आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वस्ती शहरांच्या यादीत राहते की नाही हे त्या उत्तरांवरही ठरतं. दर्जा बदलायचा निर्णय मात्र राज्य शासनाचा असतो. तशी प्रारूप अधिसूचना कधी निघालीच तर तिच्यासोबत हरकतींची मुदतही जाहीर होते. त्या मुदतीत सभा, मोर्चे, भाषणं खूप होतील. तुम्ही मात्र ग्रामसभेत आधी तुलनेचा तक्ता मागा: तुमच्या घरावर आज कर किती, नंतर किती, आणि कोणती योजना जाते. मग हरकत असो की पाठिंबा, ती मुदतीच्या आत लेखी द्या, दोन प्रतींत, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.